अलीकडचं आधी जातं

साताऱ्याच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. दर वर्षी ‘स्मृती’ हा धडा आला की फळ्यावर तीन चौकोन काढते. डोळ्या-कानांवर पडणारं सगळं पहिल्या चौकोनात क्षणभर थांबतं, दुसऱ्यात थोडा वेळ राहतं आणि ज्याची उजळणी होते तेवढंच तिसऱ्यात जाऊन कायमचं बसतं. मधे बाण. मुलं पट्टी लावून चौकोन काढून घेतात, कारण परीक्षेत आकृतीला गुण असतात. इतकी वर्षं मीही ते चौकोन खरेच मानत आले होते. ‘कायमचं’ या शब्दाखाली तर मी दोनदा रेघ ओढायची. आता ओढत नाही. तो धडा चालू असतो त्या आठवड्यात वर्गात माझा आवाज उगाच चढतो आणि मागच्या बाकावरच्या पोरींना वाटतं, मॅडमचं घरी काहीतरी बिनसलंय. बिनसलंयच.

आमचं गाव सांगलीकडं, कृष्णेच्या काठावर. थोडा ऊस, थोडी हळद, दोन म्हशी. तिथं आई, आबा, भाऊ आणि वहिनी राहतात. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आई तीन वेळा भाकरी थापायला बसली आणि दर वेळी टोपलं भरलेलं बघून ‘ह्या कुणी केल्या?’ म्हणून वहिनीवर डाफरली. वहिनीनं मला फोन केला. पुढच्याच मंगळवारी आम्ही आईला मिरजेला दाखवायला नेलं. भावाला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून आई, आबा, वहिनी आणि मी.

डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. पुण्याकडचं बोलायचा. त्यानं आईला समोर बसवून प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि तिथूनच माझं डोकं तापायला लागलं. माझ्या आईची परीक्षा घेणारा हा कोण? खरं तर ती चाचणी मला तोंडपाठ होती. मीच ती मुलांना शिकवते. पण खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला आपली आई बसली की शिकलेलं सगळं पायातल्या चपलेत जातं.

“आजी, आज वार कुठला?”

“बाजाराचा,” आई म्हणाली.

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. आमच्या गावचा बाजार मंगळवारीच भरतो, हे मी त्याला ठणकावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. मग त्यानं तीन शब्द सांगितले, कमळ, खुर्ची, रुपया, आणि हे लक्षात ठेवा म्हणाला. थोड्या वेळानं परत विचारलं तर आई म्हणाली, “तुमीच सांगितलंसा न्हवं? मग तुमास्नीच म्हाईत नसंल तर मी काय सांगू?” वहिनी फिसकन हसली. डॉक्टरही हसला, पण कागदावर त्यानं काहीतरी खूण केली. ती खूण कसली ते मला कळलं होतं.

शेवटी त्यानं आबांकडं बोट दाखवलं. “आजी, यांचं नाव काय?”

आईनं पदर पुढं ओढला, लाजून हसली आणि आबांकडं बघितलं.

“सांगा की आजी. नाव काय यांचं?”

आई नुसतीच हसत राहिली. डॉक्टरचं पेन कागदाकडं वळलं आणि मी उसळले. म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडं त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. याचा गुण कापणार असाल तर तुमची परीक्षाच चुकीची आहे. आणि ते खोटं नव्हतं. आईनं जन्मात आबांचं नाव उच्चारलं नव्हतं. मतदार यादीवाला आला की ती आम्हा पोरांना पुढं करायची. गल्लीत आबांच्याच नावाचा एक मुलगा होता, त्यालाही ती ‘पलीकडचा’ म्हणायची. आबांच्या नावानं सुरू होणाऱ्या गावाच्या एसटीत बसायचं झालं तरी कंडक्टरला ‘शेवटचा थांबा’ म्हणून तिकीट काढायची. हे सगळं मी त्या बिचाऱ्याला एका दमात ऐकवलं.

“आवं, उखाण्यात घेत्यात की,” वहिनी म्हणाली आणि सासूकडं वळली. “आत्या, घ्या की एक.”

आई लगेच सरसावून बसली. “हळदीच्या सरीत सुटलं पाटाचं पाणी...” तिनं अगदी हेल काढून म्हटलं. पुढची ओळ नावानं सुरू होते. तिथं ती थांबली, पुन्हा आबांकडं बघितलं आणि पदरात तोंड लपवलं. आम्ही सगळे हसलो. दारातली नर्ससुद्धा हसली. डॉक्टरनं हात वर केले आणि म्हणाला, दिला बाबा गुण. मी जिंकले होते. येताना सांगलीत उतरून मी सगळ्यांना भडंग घेतला. आबा वाटेत गप्प होते, पण आबा गप्प असतात त्यात कुणाला काय वाटणार?

डॉक्टरनं सुरुवात आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. मी दर दोन-तीन आठवड्यांनी साताऱ्याहून गावी जाऊ लागले. दर खेपेला आईचं काहीतरी गेलेलं असायचं. आधी गॅस गेला. शेगडीसमोर उभी राहून ती फुंकणी शोधायची. मग भावानं बांधलेलं नवं स्वयंपाकघर गेलं. जिथं पूर्वी चूल होती त्या जागी आता कपाट आहे, तिथं ती जाऊन बसायची. मग नातवंडं गेली. पोरं शहाणी, ती तिला रोज नव्यानं नाव सांगायची.

आणि मग मी गेले. मी पिशवी खाली ठेवली तर आई म्हणाली, “पावण्या कुणाकडच्या?” वहिनीनं घाईघाईनं सांगितलं, “आत्या, सातारच्या वन्सं न्हवं का.” आईनं बरं म्हणून पाणी दिलं. माझा जन्म आबा सैन्यातून पेन्शनीवर आल्यानंतरचा. आईच्या डोक्यात मी अजून जन्माला यायची आहे. मी तांब्या तोंडाला लावला आणि रडू गिळलं. पाहुणीला रडायचा काय हक्क?

खरा घाव मागच्या हिवाळ्यात बसला. दुपारी वहिनी ताटं घेत होती. आई दाराच्या आडोशाला उभी राहून, मान खाली घालून म्हणाली, “आत्याबाई, मी जेवू का?” आई वहिनीला आत्याबाई म्हणत होती. म्हणजे स्वतःच्या सासूला. माझी आजी मी पाहिलेली नाही, पण ती किती कडक होती ते अख्ख्या गावाला माहीत आहे. सगळ्यांचं उरकल्याशिवाय सुनेनं ताटाला शिवायचं नाही, असा तिचा कायदा होता. वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. “जेवा की ओ, तुमचंच घर हाय,” म्हणता म्हणता ती रडायला लागली. आणि सासूला रडताना बघून आई आणखीच घाबरली.

त्या दिवशी संध्याकाळी आबा अंगणात त्यांची जुनी गाडी पुसत होते. ती गाडी, फटफटी म्हणतात ते तिला, आता फारशी चालत नाही, पण पुसायचं काही चुकत नाही. मला हाक मारून म्हणाले, “तू शिकवतीस न्हवं ह्ये डोस्क्याचं? मला सांग, ह्ये जातंय कसं? कुठनं सुरू हुतंय?”

मी मास्तरीण झाले. दुसरं काय करणार? त्यांना म्हटलं, आबा, अंथरुणं आवरल्यावर वाकळांची चवड असते ना, तिच्यातली वरची आधी उचलली जाते, तसं. अलीकडचं आधी जातं. जुनं असतं ते वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आठवलेलं असतं, म्हणून ते घट्ट बसतं. ते शेवटपर्यंत टिकतं.

आबांनी फडकं पिळलं. “म्हंजी मी पेन्शनीवर आलो त्याच्या अलीकडचं जाणार आन पलीकडचं ऱ्हाणार.”

“साधारण तसंच.”

“आन पलीकडं तर मी न्हवतोच,” आबा म्हणाले.

माझ्या चौकोनांत आणि बाणांत हे कुठंच नव्हतं. आई माधवनगरची. तिचे वडील तिथल्या गिरणीत कामाला. भोंग्यावर उठणाऱ्या, रांगेतल्या खोलीत वाढलेल्या त्या मुलीला सतराव्या वर्षी शेतकऱ्याच्या घरी दिलं, कारण मुलगा पलटणीत होता, सरकारी पगार होता. लग्नानंतर आबा निघून गेले ते वर्षातून एकदा यायचे. दहा-बारा वर्षं असं चाललं. ‘दिवाळीला येतो’ असं पत्रात लिहायचे आणि दिवाळीला सुट्टी नामंजूर व्हायची. त्यांची पहिली मुलगी सहा महिन्यांची होऊन गेली, तेव्हा तार पोचून, सुट्टी मिळून आबा घरी येईतो घरातलं रडणंसुद्धा संपून गेलं होतं. आई एकटीच रडली, तेही सासूच्या नजरेआड. हे सगळं आम्ही मोठे झाल्यावर आबांच्या बहिणींकडून ऐकलं. आईनं कधी उच्चार केला नाही.

आबांनीही केला नाही. त्यांनी वेगळंच केलं. पेन्शनीवर आले त्या दिवसापासून ते आईला सोडून एक रात्र कुठं राहिले नाहीत. मला साताऱ्याच्या वसतिगृहात सोडायला आले तेव्हाही शेवटची एसटी धरून परत गेले. मला तेव्हा फार राग आला होता, बाकीच्या मुलींचे वडील मुक्काम करून गेले आणि आपलेच का पळतात म्हणून. बाजाराला जोडीनं, रानात जोडीनं, लग्नकार्याला त्या फटफटीवर जोडीनं. गावात त्यांना ‘जोडगोळी’ म्हणून हसायचे. आईला एकदा विषमज्वर झाला, तर महिनाभर आबांनी भाकरी थापल्या. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या आणि आबा त्यांना सांगायचे, लंगरात हजार माणसांचं जेवण बघितलंय, दोघांचं काय घेऊन बसलाय? अशी चाळीसेक वर्षं. न आलेल्या एकेका दिवाळीची भरपाई. आणि आता ती सगळी चवडीतली वरची वाकळ.

फडकं दोरीवर टाकत आबा म्हणाले, “तिला माझं नाव येत न्हाई.”

“घेत नाही ती, आबा. तुम्हाला माहीत आहे.”

“घेत न्हाई त्ये येगळं. घेत नव्हती तवा मान खाली घालायची. मिरजंला तिनं माज्याकडं बघितलं. शाळंत पोरगं शेजारच्याच्या पाटीत बघतंय का न्हाई, तसं. मीच तिला नाव सांगावं म्हणून बघत हुती.”

“मग तिथंच का नाही सांगितलंत?”

“भर दवाखान्यात बायकूला नापास करू व्हय?”

म्हणजे पहिल्याच दिवशी त्यांना कळलं होतं. आम्ही हसत होतो, मी भडंग वाटत होते आणि आबा एसटीच्या खिडकीशी ते घेऊन बसले होते. ज्या रीतीच्या मी एवढ्या बाता मारल्या त्या रीतीनंच सगळं झाकून टाकलं होतं. आईचा मला राग आला, रीतीचा आला, माझ्या विषयाचा आला. मानसशास्त्रात एम.ए. केलेली एवढी बाई आणि नजर ओळखली ती बारक्या शाळेतून सैन्यात गेलेल्या नवऱ्यानं! पण त्यात नवल कसलं? चाळीस वर्षं ती नजर वाचायचंच काम त्यांनी केलं होतं.

मग आबांनी विचारलं, काही उपाय? मी खरं ते सांगायला हवं होतं, की नाही. पण त्यांच्या तोंडाकडं बघून मी म्हटलं, उजळणी केली तर काही काही टिकतं. आबांनी ते ऑर्डर समजून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की ते आईसमोर बसायचे आणि एक एक गोष्ट सांगायचे. मी ट्रंक घेऊन सांगली स्टँडवर उतरलो, तू पोराला काखंत घेऊन न्यायला आलतीस. विहिरीला पाणी लागलं, तू गूळ वाटलास. पोरगी झाली, तू म्हणालीस, आता ही तरी तुमच्या हातात वाढंल. विषमज्वर झाला, मी भाकरी केल्या, पहिली भाकरी तव्याला चिकटली. रोज तेच, त्याच क्रमानं, कवायतीसारखं. वहिनी सासऱ्यांना मामा म्हणते; फोनवर सांगायची, मामा एक दिवस चुकवत न्हाईत.

आई ऐकायची. छान ऐकायची. “व्हय का? बरं झालं की,” म्हणायची. काही आठवड्यांनी ती मधेच पुढचं सांगू लागली. “भाकरी चिकटली तव्याला!” असं तीच आधी म्हणायची आणि हसायची. वहिनीनं मला तसं कळवलं तेव्हा मी कॉलेजच्या जिन्यात उभी होते. मला हसू आणि रडू एकदमच आलं. मला वाटलं, पुस्तक खोटं पडलं. खोटं पडू दे, जळू दे ते पुस्तक. त्या दिवशी वर्गात मी पोरांना सरळ सांगितलं, माणसाच्या मायेपुढं हे चौकोन काही नाहीत. पोरांनी ते लिहून घेतलं नाही, कारण ते परीक्षेला नव्हतं.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. दुपारी आबांची गोष्ट झाली, ते उठून म्हशीकडं गेले. आई माझ्याजवळ सरकली. मी कोण ते तिला माहीत नव्हतं, पण बाईमाणूस होते, बोलायला चालत होते. हळूच म्हणाली, “ह्ये बाबा रोज येत्यात बोलायला. लय चांगला माणूस. बायकूला बरं न्हवतं तर भाकरी करून घालायचं, बगा! कुठं बगितलंया का?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“त्यांच्या मंडळीचं नशीब चांगलं,” आई म्हणाली. “न्हाईतर आमचं मालक. दिवाळीला येतो म्हणून लिवत्यात आन येत न्हाईत.”

गोष्ट तिसऱ्या चौकोनात जाऊन बसली होती. ट्रंक, गूळ, चिकटलेली भाकरी, सगळं पक्कं झालं होतं. फक्त ती तिची राहिली नव्हती. आबांनी इतके महिने खपून स्वतःचा संसार तिला एका परक्या बाईचा म्हणून पाठ करून दिला होता आणि तिला त्या बाईचा हेवा वाटत होता. पुस्तकात याला नाव आहे. घटनेची माहिती उरते, आपण त्यात होतो हे उरत नाही. मी ते नाव दर वर्षी फळ्यावर लिहिते.

मला वाटलं, हे आबांना सांगायचं नाही. पण मान वर केली तर ते गोठ्याच्या दारात रिकामी बादली धरून उभे होते. किती वेळचे, कुणास ठाऊक. मला वाटलं, आता हे संपलं, आता ते बोलायला यायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते आले. आईपासून थोडं लांब, ओट्याच्या कडेला बसले. परक्या बाईसमोर बसतात तसे. गोष्ट तीच होती, ट्रंकेपासूनची, पण त्यात ‘तू’ नव्हतं. माझी मंडळी स्टँडवर आलती, म्हणाले. माझ्या मंडळीनं गूळ वाटला. आई पदर नीट घेऊन ऐकत होती. मी दाराच्या आत उभी होते. मला ओरडावंसं वाटत होतं, आबा, तुम्ही तरी सोडू नका. पण त्यांना अडवून मी तिला काय देणार होते?

गोष्ट संपली. आईनं विचारलं, “मग आता कुठं असत्यात त्या?”

आबांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

“गेली,” ते म्हणाले.

“अगं बाई.” आई हळहळली. तिचे डोळे खरोखर भरले. “आवं, लय वाईट झालं. कवा गेल्या?”

आबांनी तिच्याकडं बघितलं.

“कळलंच न्हाई ओ,” ते म्हणाले.